बुधवारची कोळंबी

आमच्या घरात बुधवार, शुक्रवार आणि रविवार हे मासळीचे वार. सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. माझ्या माहेरीही हेच होतं, त्यामुळे लग्न होऊन या घरात आले तेव्हा सासूबाईंना मला काही सांगावं लागलं नाही. सव्वीस वर्षांत या वारांबद्दल मला कुणी काही विचारलंही नाही. गेल्या महिन्यात एका बुधवारी संध्याकाळी माझ्या लेकीने विचारलं.

"आई, कोळंबीला बुधवारी जीव नसतो का?"

ती प्राणिशास्त्र शिकते, दुसऱ्या वर्षाला आहे. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. शिवाय कोळंबीचा पास्ता हवा हा हट्टही तिचाच होता, भरपूर क्रीम घातलेला आणि झणझणीत. ऑफिसातून येताना ठाणे स्टेशनाजवळच्या बाजारातून अर्धा किलो कोळंबी घेऊन मी पावणेआठला घरी पोचले होते. कालवण, भात, भाकऱ्या एवढा घाट घालायची त्या वेळी ताकद नसते. पास्ता अर्ध्या तासात होतो. गॅसवर पाण्याला आधण येत होतं, सासूबाई ओट्याशी कोळंबी सोलत होत्या, लेक लसूण ठेचत होती आणि प्रश्न मध्येच लटकत राहिला. मी म्हटलं, "जेवण होऊ दे, मग बोलू." त्या रात्री जे बोलले ते तोकडं होतं. त्यानंतर बरेच दिवस विचार करून जे हाती लागलं, ते लिहिते आहे.

पहिलं उत्तर सगळ्यांच्या तोंडी असतं: वार पाळायचे ते पोटाला विश्रांती म्हणून. त्याच्या जोडीला गीता येते. तिच्या सतराव्या अध्यायात आहाराचे तीन प्रकार सांगितले आहेत. रसाळ आणि स्निग्ध ते सात्त्विक, तिखट-आंबट-खारट ते राजस, शिळं आणि उष्टं ते तामस. त्या हिशोबाने आमच्या कढईत क्रीमचं सत्त्व आणि मिरचीचं रज एकत्रच रटरटत होतं. पण गीतेतलं हे वर्गीकरण खाणाऱ्याकडे बघून केलेलं आहे. कुठल्या स्वभावाच्या माणसाला कुठलं अन्न आवडतं, हा तिथला विषय. माझी लेक विचारत होती ते जो खाल्ला जातो त्याच्याबद्दल. पोटाच्या विश्रांतीचं उत्तर तिच्या प्रश्नापर्यंत पोचतच नाही.

दुसरं उत्तर मी स्वतःला देऊन पाहिलं: कोळंबी ती केवढीशी, तिला काय कळतं? यावर लेकीनेच मला माहिती दिली. बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात रॉबर्ट एलवुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2007 मध्ये कोळंबीवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. कोळंबीच्या एका मिशीला त्यांनी व्हिनेगरमध्ये असतं ते आम्ल लावलं. ती कोळंबी नेमकी तीच मिशी पुन्हा पुन्हा पायांनी पुसू लागली, टाकीच्या भिंतीवर घासू लागली. मिशी आधी बधिर केली, तर हे घासणं कमी झालं. दुसऱ्या जातींवर असाच प्रयोग करणाऱ्यांना हे आढळलं नाही, म्हणजे वाद संपलेला नाही. पण 2021 मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या जोनाथन बर्च यांच्या गटाने तीनशेहून अधिक शोधनिबंध तपासून ब्रिटन सरकारला अहवाल दिला, आणि 2022 च्या प्राणिकल्याणाच्या कायद्यात खेकडे, शेवंडं, कोळंबी यांना संवेदना असलेले जीव म्हणून धरलं गेलं. प्राण्यांच्या बाजूने लिहिणारे तत्त्वज्ञ पीटर सिंगर यांनी 1975 च्या आपल्या पुस्तकात वेदनेची सीमारेषा कोळंबी आणि कालवं यांच्यामध्ये कुठेतरी ओढली होती. म्हणजे अगदी सावधपणे आखलेल्या रेषेतही कोळंबी अलीकडे येते, आपल्या बाजूला.

आणखी एक गोष्ट लेकीने सांगितली. ती ऐकून माझा हात थांबला. बाजारात हल्ली बहुतेक वेळा मिळते ती वेनामी जातीची कोळंबी, मूळची अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावरची. आपल्याकडे 2009 मध्ये तिच्या शेतीला परवानगी मिळाली, आणि आंध्रातल्या तलावांतून ती आता सगळीकडे जाते. कोळंबीचं बीज तयार करणाऱ्या केंद्रांमध्ये मादीने लवकर अंडी धरावीत म्हणून तिच्या एका डोळ्याचा देठ कापायची पद्धत जगभर आहे. अंडी पिकू न देणारं संप्रेरक त्या देठात तयार होतं म्हणून. समुद्रातली कोळंबी घ्यावी तर ट्रॉलरच्या बारीक जाळ्यात तिच्याबरोबर कितीतरी लहान मासळी फुकट मरते. तिला काय कळतं, हे वाक्य मी त्या दिवसापासून सोडून दिलं.

तिसरं उत्तर जुन्या ग्रंथांत सापडतं आणि ते सगळ्यांत प्रामाणिक आहे. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात गृहस्थाच्या घरातली हिंसेची पाच ठिकाणं सांगितली आहेत: चूल, पाटा-वरवंटा, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याची घागर. त्या पुस्तकातलं पुष्कळ काही मला मान्य नाही, पण ही यादी करणाऱ्याने स्वयंपाकघर नीट पाहिलेलं होतं. यात मासळीचं नावही नाही. वरणभात करणाऱ्या घरातही ही पाच ठिकाणं आहेतच. माझ्याकडे चुलीच्या जागी गॅस आहे, पाट्याच्या जागी मिक्सर, घागरीच्या जागी फिल्टर. मुंग्या, कीटक, पाण्यातले जीव मरतात ते मरतातच. म्हणून त्याच अध्यायात रोजचे पाच यज्ञ सांगितले: अध्ययन, पितर, देव, प्राणिमात्र आणि अतिथी यांच्यासाठी. जेवणारा माणूस रोज सकाळी कर्जातच उठतो, आणि रोज थोडं थोडं फेडतो, अशी ती कल्पना आहे.

हीच गोष्ट महाभारताच्या वनपर्वात जास्त खोलात जाऊन येते. कौशिक नावाचा तपस्वी एका घरी भिक्षा मागतो. घरची बाई भुकेल्या नवऱ्याला वाढत असते, म्हणून त्याला दारात थांबावं लागतं, आणि तो संतापतो. ती त्याला शांतपणे सांगते, धर्म समजून घ्यायचा असेल तर मिथिलेला जा, तिथे एक व्याध आहे. तो जातो तेव्हा व्याध बाजारात मांस विकत बसलेला असतो. तिथेच त्याला धर्म शिकायला मिळतो. वाढण्यात अडकलेल्या बाईच्या उंबरठ्यावरून कौशिकाची ही वाट सुरू होते, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. व्याध त्याला सांगतो की नांगर धरणाऱ्याच्या हातून जमिनीतले असंख्य जीव मरतात, धान्याचा दाणाही जीवच आहे, चालताना पायाखाली जीव चिरडतात. अहिंसेचं व्रत घेतलेले यतीसुद्धा हिंसा करतातच, फक्त प्रयत्नाने ती कमी होते.

या कथेचा आधार घेऊन, सगळेच मारतात तर आपण खावं, असं म्हणणारे मला भेटले आहेत. पण व्याध स्वतः मांस खात नाही, जनावर मारतही नाही, दुसऱ्याने मारलेलं विकतो, हे त्याच कथेत आहे. कौशिकाला तो मोकळीक देत नाही. तो एक माप देतो, आणि ते माप "कमी" या शब्दात आहे. पूर्ण अहिंसा कुणालाच जमत नाही. म्हणून कमी करणं हे प्रत्येकाचं काम.

आता सासूबाईंबद्दल. 2004 साली त्या काशीयात्रेला गेल्या. काशीला जाऊन आवडीची एक गोष्ट कायमची सोडायची, ही आपल्याकडची जुनी रीत. कुणी कारलं सोडतं, कुणी न आवडणारी भाजी सोडून मोकळं होतं. सासूबाईंनी कोळंबी सोडली. कायस्थांच्या घरात वाढलेल्या बाईने, जिच्या हातची सोड्यांची, म्हणजे वाळवलेल्या कोळंबीची, खिचडी खायला नातेवाईक डोंबिवलीहून येत. "जे सोडताना काही वाटत नाही ते देवाला काय द्यायचं?" एवढंच त्या म्हणाल्या होत्या. आम्हाला मात्र त्यांनी कधी खाऊ नका म्हटलं नाही. आजही कोळंबी त्याच साफ करतात. डोकं मोडायचं, कवच एका ओढीत काढायचं, पाठीवर सुरीच्या टोकाने चीर द्यायची, काळा धागा अखंड बाहेर काढायचा. त्यांची बोटं आता थरथरतात, पण धागा तुटत नाही. कालवण उकळायला लागलं की त्या पातेल्यावर वाकून वास घेतात आणि मीठ कमी आहे की बरोबर ते सांगतात. इतक्या वर्षांत त्यांनी चव घेतलेली नाही, आणि त्यांचं मीठ चुकलेलं मी पाहिलेलं नाही.

त्या बुधवारी लेकीने सोललेली कोळंबी ताटलीत मांडून मोजली. एकतीस. खाणारी माणसं तीन, कारण आजी खाणार नव्हती. "आई, प्रत्येकी दहा जीव," ती म्हणाली. मी आयुष्यभर कोळंबी वजनावर घेतली, कधी मोजली नव्हती. एका सुरमईत तीन माणसं जेवून उठतात. जवळ्याच्या एका मुठीत शेकडो जीव असतात. प्राणी जितका लहान, तितके एका ताटासाठी जास्त जीव जातात. लहान म्हणून ज्याची गणती नाही, त्याचीच संख्या सगळ्यांत मोठी.

मग आम्ही पास्ता केला. आता जसा केला तसाच सांगते, कारण माझं उत्तर त्यातच आहे. डोकी आणि कवचं थोड्या तेलात परतून, दोन वाट्या पाणी घालून उकळली आणि ते लालसर पाणी गाळून ठेवलं. सासूबाईंसाठी वेगळ्या कढईत लोणी, लसूण, लाल तिखट आणि क्रीम घालून त्यांचा पास्ता आधी काढला. मग आमच्या कढईत लोणी आणि तेलावर आठ-दहा पाकळ्या लसूण, चिली फ्लेक्स आणि काश्मिरी तिखट. त्यावर हळद-मीठ लावलेली कोळंबी, एका बाजूने एक मिनिट, दुसऱ्या बाजूने एक मिनिट, की लगेच बाहेर. कोळंबी अर्धी वळली की शिजली. पूर्ण गोल वळली की रबर होते, आणि मग ती मुलं ताटात बाजूला सारतात. त्याच कढईत कवचांचं पाणी आटवलं, आच मंद करून क्रीम घातलं, पास्ता आणि त्याचं वाटीभर पाणी घातलं, शेवटी कोळंबी परत आत. गॅस बंद केल्यावर लिंबू. उकळलेली कवचं दुसऱ्या दिवशी कढीपत्त्याच्या कुंडीत मातीखाली गेली.

कोळंबी दोन मिनिटांपेक्षा जास्त आचेवर न ठेवणं, ही चवीची गोष्ट आहे हे मला ठाऊक होतं. ती धर्माचीही आहे हे त्या दिवशी कळलं. एकतीस जीव घेऊन ते करपवायचे, बिघडवायचे, कंटाळा आला म्हणून अर्धे टाकून द्यायचे, ही हिंसा मूळ हिंसेपेक्षा वाईट, कारण तिच्यात कुणाची भूकही भागत नाही. थकलेल्या संध्याकाळीसुद्धा मन लावून रांधणं एवढं देणं आपण त्या जिवाला लागतो.

आणि वार? मला आता त्यांचा अर्थ असा लागतो. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, मासळीच्या विणीचा काळ म्हणून. त्याला लागून आमच्या घरी श्रावण पाळला जातो. समुद्राला एकसष्ट दिवसांची उसंत, घराला आठवड्यातून चार दिवसांची. कुणीतरी पूर्वी ओळखलं असणार की खाणाऱ्याच्या भुकेवर सोडलं तर हात थांबणार नाही, म्हणून प्रत्येक वाराला एक देव बसवला आणि त्याच्या नावाने हात थांबवला. सासूबाईंनी कायमची सोडली ते मोठं व्रत. आमचे चार वार हे त्याचंच लहान, रोजच्या माणसाला झेपेल असं रूप. मात्र गुरुवारी थांबायचं आणि बुधवारी दुप्पट खायचं, असं झालं की त्या वाराला काही अर्थ उरत नाही.

लेकीला मी शेवटी हे सांगितलं: कोळंबीला बुधवारीही जीव असतो. तो असतो म्हणूनच बाकीचे वार पाळायचे. बुधवारी आपण निर्दोष होत नाही, आपण फक्त आपलं कर्ज मोजून घेतो.

तिला हे उत्तर पुरेसं वाटलं नाही, आणि उद्या तिने मासळी पूर्ण सोडली तर मी तिच्यासाठी वेगळी कढई ठेवीन, जशी तिच्या आजीसाठी ठेवते. मी मात्र माझ्यापुरतं ठरवलं आहे. आमच्याकडे आता कोळंबी महिन्यातून दोनदाच येते. ती वजनावर घेतली तरी ओट्यावर मोजली जाते, आणि ताटात एकही उरत नाही.