रसना आणि शेजार

परक्या शहराचें अन्न आवडलें म्हणजे तेथील माणसेंही आपणांस आवडलीं, अशी आपली एक सोयीची समजूत असते. आमचीही ती होती. परंतु अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागांतील सिनसिनाटी या शहरांत कांहीं दिवस राहण्याचा योग आला, आणि तेथील उपाहारगृहें, बेकऱ्या व कॉफीचीं दुकानें हिंडतांना या समजुतीविषयीं मनांत शंका उत्पन्न झाली. ती वाचकांपुढें मांडावी असें वाटतें.

ओहायो नदीच्या कांठचें हें शहर एकोणिसाव्या शतकांत जर्मन लोकांनीं गजबजलें. त्यांची वस्ती कालव्यापलीकडे असे. लोक थट्टेनें त्या कालव्यास ऱ्हाईन नदी म्हणत, म्हणून वस्तीस ‘ओव्हर-द-ऱ्हाईन’ हें नांव पडलें. कालव्याच्या जागीं आज रुंद रस्ता आहे. १८५५ सालीं उघडलेली फिंडले मंडई मात्र अद्याप भरते. जर्मनांची ‘गेटा’ ही येथील खास न्याहरी. मांसांत ओटचा जाडा भरडा घालून तें पुष्कळ वेळ शिजवावयाचें, थापून निववावयाचें आणि त्याचे काप कुरकुरीत परतावयाचे. महाग मांस अनेक तोंडांस पुरवावें ही गरीब गृहिणीची युक्ति त्यांत उघड दिसते. बेकरींत ‘श्नेकेन’ नांवाचा लोण्यानें थबथबलेला गुंडाळीचा गोड पाव मिळतो. जर्मन भाषेंत या शब्दाचा अर्थ गोगलगाई. शहराची प्रसिद्ध ‘चिली’ तर मॅसेडोनियाहून आलेल्या किराजिएफ बंधूंनीं १९२२ सालीं सुरू केली. इटालियन स्पॅगेटीवर दालचिनीच्या वासाचा मांसाचा रस्सा आणि वर किसलेल्या चीजचा ढीग, असा तिचा थाट. कोणाचें काय, याचा हिशेब ताटांत कोणी मागत नाहीं.

परंतु याच शहरानें १९१८ सालीं, पहिलें महायुद्ध चालू असतां, आपल्या रस्त्यांचीं जर्मन नांवें पुसून टाकलीं. ‘जर्मन स्ट्रीट’चा ‘इंग्लिश स्ट्रीट’ झाला, ‘ब्रेमेन स्ट्रीट’चा ‘रिपब्लिक स्ट्रीट’. पुढील वर्षीं ओहायो राज्यानें आठवीच्या खालील इयत्तांतील मुलांस जर्मन भाषा शिकविण्याची बंदी केली. ती देशाच्या सर्वोच्च न्यायालयानें १९२३ सालीं रद्द केली. रस्त्यावरचें नांव गेलें, शाळेंतली भाषा गेली. गेटा आणि श्नेकेन मात्र राहिले. शेजाऱ्याचा शब्द कानास खुपत असतां त्याचा पदार्थ जिभेस गोड लागूं शकतो, हें यावरून सिद्ध होतें.

कोणी म्हणेल, ताटापासून कां होईना, ओळखीस आरंभ तर होतो! हें आम्हांस मान्य आहे. आरंभ होतो, पण बहुधा तेथेंच संपतो, कारण बिल चुकतें केलें कीं व्यवहार मिटला असें आपण मानतों.

ओव्हर-द-ऱ्हाईनमधील एका जुन्या विटकरी इमारतींत आम्ही रोज कॉफी घेत असूं. जर्मन गेल्यावर या वस्तींत गरीब, बहुतांशीं कृष्णवर्णीय लोक राहत. एप्रिल २००१ मध्यें एका निःशस्त्र कृष्णवर्णीय तरुणास पोलिसानें गोळी घातली, आणि येथें कित्येक दिवस दंगल पेटली. पुढील वर्षांत वस्तीचा जीर्णोद्धार झाला, उपाहारगृहें आलीं, आणि कमी भाड्याच्या जागा घटल्या. एके सकाळीं दाराबाहेरील बांकावर एक वृद्ध गृहस्थ भेटले. वर बोट दाखवून म्हणाले, “त्या मजल्यावर आमचें बिऱ्हाड होतें. येथली कॉफी चांगली असते असें ऐकतों.” आम्हीं “होय” म्हटलें आणि आंत गेलों. त्यांस बरोबर आंत बोलवावें, हें आम्हांस मुक्कामावर परतल्यावर सुचलें.

दुसऱ्याच्या शहरास दोष देणें सोपें आहे. पण पुण्यांत ज्या इराण्याच्या दुकानांत बसून आम्हीं विद्यार्थिदशेंत ब्रून-मस्का खाल्ला, त्यास आमच्या वाड्यांत दोन खोल्या भाड्यानें दिल्या असत्या काय? या प्रश्नाचें खरें उत्तर आम्हांस ठाऊक आहे, आणि तें आमच्या शिक्षणास शोभणारें नाहीं.

जेवण झाल्यावर ‘अन्नदाता सुखी भव’ म्हणण्याची आपली रीत आहे. यजमानाच्या घरीं हा आशीर्वाद कोणास द्यावयाचा तें समोर दिसत असतें. विकतच्या अन्नाच्या बाबतींत तो दाता शोधावा लागतो. ज्या गरिबीनें तो पदार्थ घडविला, ज्याचें बिऱ्हाड उठल्यावर आपली खुर्ची तेथें मांडली गेली, त्यांच्या सुखाची इच्छा बिलांत धरलेली नसते. ती आपली आपणच करावी लागते. आणि ती खरी कीं खोटी, हें ताटापाशीं कळत नाहीं. घराच्या उंबरठ्यापाशीं कळतें.