मनाचे दुखणे आणि हातातला मोबाईल

गंगाखेड तालुक्यात, आमच्या राणीसावरगावाकडे, सप्ताहाच्या पंगतीत हल्ली एक प्रश्न हमखास निघतो : "महाराज, पोरं मनाचं दुखणं मोबाईलला विचारतात, हे बरं का?" विचारणारे बहुधा वडीलधारे असतात, व उत्तर त्यांनी मनाशी ठरवूनच ठेवलेले असते. मोबाईलनेच डोकी बिघडवली, आता औषधही तोच देणार काय, असा त्यांचा रोख. प्रश्न टाकाऊ नाही. पण आम्हांस तो इतका सोपा वाटत नाही.

आधी वस्तू काय आहे ते पाहू. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी 'टेलि-मानस' ही सेवा सुरू केली. १४४१६ या क्रमांकावर रात्री-बेरात्री केव्हाही बोलावे, पैसा पडत नाही, मराठीतही बोलता येते. २०२४ साली त्याच तारखेस तिचे ॲपही निघाले. याखेरीज खाजगी ॲपे पुष्कळ आहेत. त्यांतल्या काहींत डॉक्टरही वापरतात ती नऊ प्रश्नांची यादी असते : गेल्या दोन आठवड्यांत झोप कशी, भूक कशी, कामात गोडी वाटते का, जीव नकोसा होतो का, वगैरे.

वारकऱ्यांनो, ही चिन्हे आपणांस नवी आहेत का? गीतेच्या पहिल्या अध्यायाचे नावच अर्जुनविषादयोग. गात्रे गळाली, तोंडास कोरड पडली, अंगास कापरे भरले, गांडीव हातातून निसटले, मन भोवंडले, हे सारे तो महारथी स्वतः सांगतो. दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी भगवंतांनी दोन श्लोकांत त्याला टोचून पाहिले, हे तुला शोभत नाही म्हणाले. त्याने अर्जुन उठला का? छे! तो आणखी बोलला, मग लढत नाही म्हणून गप्प बसला. खरा उपदेश सुरू होतो तो अकराव्या श्लोकापासून, त्याचे सगळे ऐकून झाल्यावर. आपण घरची वडील मंडळी मात्र त्या दोन श्लोकांवरच थांबतो. "असं काय रडतोस? आम्ही काय कमी सोसलं?" झाले! लेकरू पुढचे बोलतच नाही.

मग ते मोबाईलला सांगते. तिथे समोर तोंड नसते, म्हणून लाज नसते. जे ओसरीवर ओठांवर येत नाही ते खूण करून सांगता येते, आणि आपल्या दुखण्याला नाव आहे, उपाय आहे, एवढे तरी कळते. हे थोडे नव्हे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत मनोविकार झालेल्यांपैकी, विकारपरत्वे, ७० ते ९२ टक्के लोक उपचारावाचून होते. २०१७ च्या कायद्याने तर जीव द्यायला निघालेल्यास गुन्हेगार न धरता तीव्र ताणाखालचा माणूस धरावे असे ठरविले. सरकारने मानले ते आमच्या ओसरीने अजून मानलेले नाही.

यंत्राला सर्वज्ञ मानावे असे आमचे म्हणणे नाही. नऊ प्रश्नांची बेरीज म्हणजे निदान नव्हे. ते डॉक्टरचे काम. खाजगी ॲपात लिहिलेले कोणाच्या हाती जाते, तेही पाहावे. शिवाय घरात एकच मोबाईल, तोही बापाच्या खिशात, तेथे मुलीने काय करावे?

कुणी म्हणेल, बुवा, तुम्ही नाम सोडून हे काय सांगता? नाम आम्ही सोडलेले नाही, सोडणार नाही. परंतु ताप आलेल्याला आपण नाम घे म्हणतो आणि दवाखान्यातही नेतो. मनाच्याच दुखण्याला तेवढे नामावर सोडायचे, तेही ऐकण्याचा कंटाळा म्हणून, यात नामाचा उपमर्द होतो असे आम्हांस वाटते.

पोराने मोबाईल पुढे करून "हे बघा, मला असं होतंय" म्हटले तर चष्मा लावून वाचावे, आणि त्याच्याबरोबर जिल्ह्याच्या दवाखान्यात जावे. सप्ताहाच्या पत्रिकेत अन्नदात्यांच्या नावांखाली १४४१६ ची एक ओळ टाकावी. छापखानेवाला तिचे वेगळे पैसे मागणार नाही.