चौकटीबाहेरचे मचाण



गेल्या हिवाळ्यात आपल्या धर्मग्रामातील युवक-युवतींबरोबर आम्ही सेलू तालुक्यातील बोर धरणाकडे सहलीला गेलो होतो. वाटेतल्या एका उंचवट्यावरून एका मुलाने फोटो काढला. कोवळे ऊन, शांत पाणी, मागे सागवानाच्या टेकड्या. तो सभागृहात लावायचे ठरले. मात्र कोपऱ्यात तुरीच्या शेतातले एक मोडके मचाण दिसत होते. "तेवढे कापा, फोटो बिघडतो," असे आम्हीच सांगितले. खाली नाव दिले, 'अस्पर्श निसर्ग'.

परवा एक आजोबा तो फोटो पाहून म्हणाले, "फादर, तिथं तं वावरं हायेत. जागलीचं मचाण कुठं गेलं?" रानडुकरे आणि रोही पीक खातात म्हणून थंडीत रात्ररात्र शेत राखलेला तो माणूस. आम्हाला उत्तर सुचले नाही.

चित्रातून काही वगळणे हे असत्य आहे का? तसे म्हणता येणार नाही. प्रत्येक चौकट काहीतरी बाहेर ठेवतेच. पण संत थॉमस अक्वायनस यांनी सौंदर्यासाठी तीन गोष्टी आवश्यक मानल्या: पूर्णता, प्रमाण आणि तेज. आम्ही प्रमाण आणि तेज सांभाळले, पूर्णता विसरलो. खरी चूक कापण्यात नव्हती, खाली लिहिलेल्या नावात होती. ज्या पाण्याला आम्ही अस्पर्श म्हटले, ते तर माणसाने बांध घालून अडवलेले!

अमेरिकेतील योसेमिटी राष्ट्रीय उद्यानाची अॅन्सेल अॅडम्स यांनी काढलेली छायाचित्रे जगप्रसिद्ध आहेत. त्यांत कडे, धबधबे, बर्फ आहे, माणूस क्वचितच. त्या दरीत पूर्वी अह्वानीची लोक राहत. १८५१ साली सशस्त्र तुकडीने त्यांना हुसकावले. चित्रे खोटी नाहीत. पण ती पाहून 'येथे कोणी नव्हतेच' असे वाटू लागले, तर अन्याय दुसऱ्यांदा घडतो.

बोर १९७० साली अभयारण्य झाले, २०१४ साली व्याघ्र प्रकल्प. वाघ जगलाच पाहिजे. पण त्याच्या शेजारी राहण्याची किंमत रात्री जागून कोण देतो, हेही दिसले पाहिजे. आपण घरात, गावात, चर्चमध्येही असेच करतो. जे दृश्य बिघडवते, ते कोपऱ्यातून कापतो.

या रविवारी सभागृहात मूळ फोटो लावला आहे, मचाणासह. नाव काढून टाकले आहे. मिस्सानंतर जरूर पाहा.

आपला,
धर्मगुरू