जिभेची गाठ

लहानपणी मी अब्बांना हाक मारली की अम्मा ओ द्यायची. घरात तो हसण्याचा विषय होता. त्यामागचे कारण मला पुष्कळ वर्षांनी कळले. 'ब' म्हणताना तोंडात हवा कोंडावी लागते. टाळू दुभंगलेली असेल तर ती हवा नाकावाटे निघून जाते आणि 'ब'चा 'म' होतो. मी हाक अब्बांनाच मारत असे. ती पोहोचायची मात्र अम्माकडे.

माझा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीकाठच्या गावात, दुभंगलेला ओठ आणि दुभंगलेली टाळू घेऊन झाला. ओठ नवव्या महिन्यात मिरजेला नेऊन शिवला. टाळूचे ऑपरेशन व्हायला मात्र सातवे वर्ष उजाडले. डॉक्टर साधारणपणे ओठ तीन ते सहा महिन्यांत आणि टाळू नऊ ते अठरा महिन्यांत शिवायला सांगतात. मूल बोलू लागण्याआधी टाळू सांधलेली बरी, नाही तर चुकीच्या उच्चारांची सवय जडते. आमच्याकडे उशीर का झाला? पैसे नव्हते हे खरे, पण ओठासाठी ते कसेबसे उभे राहिले होतेच. ओठ चेहऱ्यावर असतो, मुलीला बघायला येणाऱ्यांना दिसतो. टाळू तोंडात झाकलेली असते. मुलगी कशी दिसेल याची काळजी सगळ्यांना होती. ती कशी बोलेल, याची काळजी करावी असे कुणाच्या मनातही आले नाही. यात मी घरच्यांना दोष देत नाही. मुलीच्या बोलण्याला आपल्या समाजात किती किंमत आहे, तेवढीच किंमत त्यांनी दिली.

दोष द्यायचाच झाला तर तो आधीच एका व्यक्तीच्या पदरात टाकून झाला होता. ग्रहण लागले असताना अम्माने विळीवर मासळी चिरली, म्हणून मुलीचा ओठ कापला गेला, असे दादी म्हणायची. ही समजूत आपल्या शेजारपाजारच्या सर्व धर्मांच्या घरांत आहे आणि आपल्याही घरांत आहे. खरे तर ओठ गर्भाच्या चौथ्या ते सातव्या आठवड्यात आणि टाळू सहाव्या ते नवव्या आठवड्यात जुळून येते. त्या वेळी पुष्कळ बायकांना दिवस गेल्याचेही कळलेले नसते. जगात सुमारे सातशे जन्मांमागे एका मुलात हा जोड अपुरा राहतो. काही वेळा आनुवंशिकता असते, काही वेळा आईचा मधुमेह, धूम्रपान किंवा फेफऱ्यावरची काही औषधे यांचा संबंध असतो. बहुतेक वेळा एकच असे कारण सापडत नाही. ग्रहणाचा आणि विळीचा त्यात काहीही वाटा नाही.

आपल्याला तर हे डॉक्टरांच्या आधीच कळायला हवे होते. पैगंबरसाहेबांचा लहानगा मुलगा इब्राहिम वारला त्या दिवशी सूर्यग्रहण लागले. लोक म्हणू लागले, या दुःखाने सूर्यही काळवंडला. पुत्रशोकात असलेल्या बापाला ही गोष्ट किती दिलासा देऊन गेली असती! पण त्यांनी ती मान्य केली नाही. सूर्य आणि चंद्र या अल्लाहच्या निशाण्या आहेत, कुणाच्या जन्मामुळे किंवा मरणामुळे त्यांना ग्रहण लागत नाही, हे त्यांनी लोकांना बजावले. ही रिवायत जुम्म्याच्या बयानात मी अनेकदा ऐकली आहे. तीच ऐकून घरी येणारी माणसे अम्माला विळीची आठवण करून द्यायची.

पुढे मी डी.एड. न करता बी.ए. आणि मग बी.एड. केले. सराव पाठाच्या वहीत एका निरीक्षकांनी शेरा लिहिला : उच्चार सदोष, अध्यापनास अयोग्य. त्या दिवशी मी एस.टी.त रडले. पण उर्दूतला 'क़ाफ' आणि 'ख़े' नीट निघावा म्हणून दोन वर्षे आरशासमोर बसले, तीही त्या शेऱ्यामुळेच. आज मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. आवाज अजून थोडा नाकात आहे. नव्या वर्गातली मुले जूनमध्ये आठवडाभर हसतात आणि मग विसरतात.

गेली काही वर्षे एक काम मी आपणहून अंगावर घेतले आहे. आसपास कुठे असे मूल जन्मले की त्या घरी जाते. बाळाला आडवे न धरता उठते धरून वाटी-चमच्याने थोडे थोडे दूध कसे पाजावे आणि मधेमधे ढेकर कशी काढावी हे आईला दाखवते. अशा मुलांच्या कानात पाणी साचून ऐकू कमी येते, म्हणून कानही तपासून घ्या, असे सांगते. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते. त्याच्या यादीत हे व्यंग आहे आणि उपचार मोफत आहेत, हेही सांगते. लोक मला मानाने बोलावतात. या मुलांचा आवाज मी आहे, असे मलाही वाटू लागले होते.

तो भ्रम माझ्याच वर्गातल्या एका मुलाने उतरवला. तो सहावीत होता, दुभंगलेल्या टाळूचा, उशिरा ऑपरेशन झालेला. २६ जानेवारीच्या तकरीरीसाठी त्याने नाव दिले. मी ते हळूच खोडले आणि त्याला खुर्च्या मांडायच्या तुकडीत घातले. पाहुण्यांसमोर लोक हसतील, पोराच्या काळजाला घर पडेल, असा माझा हिशोब होता. संध्याकाळी तो माझ्याजवळ आला आणि शांतपणे म्हणाला, "आपा, आप को भी निकाला था क्या?"

निकाला था. चौथीत असताना माझी दुआ दुसऱ्या मुलीला दिली गेली होती. ती देणाऱ्या बाईही मनाने चांगल्याच होत्या.

तेव्हापासून एक प्रश्न माझ्या मागे लागला आहे. दुसऱ्यासाठी बोलणे कुठे संपते आणि दुसऱ्याच्या जागी बोलणे कुठे सुरू होते?

मला हजरत मूसांची दुआ आठवते. फिरऔनच्या दरबारात जायचा हुकूम झाला तेव्हा त्यांनी मागितले की जिभेची गाठ सुटावी, म्हणजे लोकांना माझे बोलणे कळेल. आणि भाऊ हारून, जो माझ्याहून स्पष्ट बोलतो, त्याला सोबत द्यावे. दोन्ही गोष्टी कबूल झाल्या. इथे लक्षात घेण्यासारखे हे की हारूनना मूसांनी स्वतः मागून घेतले. हारूननी परस्पर पुढे होऊन, भाऊ, तुला जमणार नाही, तू घरी थांब, असे म्हटले नाही. आणि हारून सोबत असूनही दरबारात मूसा उभे राहिलेच. त्यांना धड बोलताही येत नाही असे टोमणे मारणारा कोण होता? फिरऔन. कुणाच्या उच्चारावर हसणे ही कुणाची रीत आहे, हे कुरआनने सांगून ठेवले आहे. मी मात्र त्या हसण्याच्या भीतीने बोलणाऱ्यालाच दरबाराबाहेर काढले होते.

आपण अशा मुलांच्या आयांना सबर करायला सांगतो. सबर मोठी गोष्ट आहे, पण तो आपल्या स्वतःच्या दुःखावर करायचा असतो. दुसऱ्याच्या दुःखावर सबर करणे फार सोपे असते आणि त्यात कसले पुण्यही नाही. माझी चूक अशीच होती. हसू नये हे शिकवायचे होते वर्गातल्या चाळीस मुलांना. ते काम कठीण, म्हणून मी त्याचा बोजा एका मुलावर टाकला आणि त्याला माया असे नाव दिले.

मी त्याची वर्गासमोर माफी मागितली. पुढे ११ नोव्हेंबरला, मौलाना आझादांच्या जन्मदिनी, तो तकरीरीला उभा राहिला. मौलानांसारख्या वक्त्यावर बोलायचे, तेही अशा आवाजात! तिसऱ्या-चौथ्या वाक्याला मागच्या रांगेत कुणीतरी फिदीफिदी हसले. तो थांबला. त्याने माझ्याकडे पाहिले. उठून त्या मुलांना दटवावे, त्याच्या हातातला कागद घेऊन पुढचे मीच वाचून टाकावे, असे मला फार वाटले. मी जागची हलले नाही. क्षणभराने त्याने तेच वाक्य पुन्हा पहिल्यापासून सुरू केले.