उरलंसुरलं

आमची आई रोज सकाळी खुराडं उघडलं की एकेक कोंबडी हातात घ्यायची आणि तिच्या मानेखाली, छातीच्या वर जरा उजवीकडे, दोन बोटांनी चाचपायची. तिथं कोंबडीची खाल्लेलं साठवायची पिशवी असते. शाळेच्या पुस्तकात तिला अन्नपुट म्हणतात, आई नुसतं ‘पिशवी’ म्हणायची. संध्याकाळी टम्म भरलेली ही पिशवी सकाळपर्यंत रिकामी व्हायला हवी. रिकामी लागली की आई कोंबडी खाली सोडायची आणि पुढची धरायची. ही सवय तिला आमची तांबडी मेल्यावर लागली. त्या मरणाचा हिशेब माझ्या मनात अजून जुळलेला नाही.

आम्ही तेव्हा गोरेगावच्या आरे दुग्धवसाहतीत राहत होतो. शहरातले म्हशींचे गोठे बाहेर काढून मुंबईला चांगलं दूध मिळावं, म्हणून 1949 साली ही वसाहत उभी राहिली. बाबा तिथल्या एका गोठ्यावर कामाला. म्हशीला आज काय घातलं, याची तिथं रोज विचारपूस व्हायची, कारण जे पोटात जाईल तेच दुधात उतरणार. आई हमरस्त्यापलीकडच्या इमारतीत दोन घरची धुणीभांडी करायची. शेजारी वारली लोकांचे पाडे. त्यांच्या दारात कोंबड्या होत्या, तशा आमच्याही पाच.

आमचं गाव माणगाव तालुक्यात. तिथं कोंबडीला काय घालावं हा प्रश्नच कोणाला पडत नसे. दिवसभर ती परसात उकरायची. किडा, सांडलेला दाणा, कोवळं गवत खायची आणि सोबत बारीक खडेही गिळायची. कोंबडीला दात नाहीत. पिशवीत भिजलेलं खाणं पुढं कोथळ्यात जातं आणि तिथं हे खडेच जात्याचं काम करतात. संध्याकाळी आजी मूठभर कणी फेकायची, बस्स. मुंबईत परस गेलं. दाराशी कोबा आणि चारी बाजूंनी जाळी. कोंबडी जे खाणार ते आमच्याच हातचं. गावात कोंबडी स्वतः निवडून खायची, इथं तिच्या वतीनं आम्ही निवडायला लागलो. हे ओझं आहे हे तेव्हा कळलं नाही.

आई ज्यांच्याकडे कामाला जायची त्या वहिनी मनानं चांगल्या होत्या. माझ्या वह्या त्यांच्याकडून यायच्या. एक दिवस त्यांनी शिळा पाव, उरलेला भात आणि भाजीचे देठ एका प्लास्टिकच्या पिशवीत बांधून आईला दिले. “कोंबड्यांना होईल गं, टाकवत नाही.” मग ते रोजचंच झालं. मी सातवीत होते. शाळेतून येताना ती पिशवी मीच घेऊन यायचे आणि कोब्यावर ओतायचे. कोंबड्या धावत यायच्या. आपण पाच जिवांना जेवू घालतो याचा मला अभिमान वाटायचा.

पावसाळ्यात तांबडी पिसं फुलवून कोपऱ्यात उभी राहायला लागली. दाण्याकडे बघेना. आईनं हात लावला तर मानेखाली पेरूएवढी कडक गाठ. पाड्यावरच्या आजींना बोलावलं. त्यांनी हलक्या हातानं पिशवी चोळली, थेंबथेंब पाणी पाजलं. बाबा तिला उलटी धरून पिळायला निघाले, तेव्हा आजी ओरडल्या, “उलटी नको धरू रे, पाणी छातीत जाईल, गुदमरून मरेल.” चौथ्या दिवशी तांबडी तशीच मेली. आजींनी विळीवर पिशवी चिरली. आत गोठ्यावरच्या गवताच्या लांब काड्या दोरीसारख्या पिळलेल्या, त्यात पावाचा चिकट गोळा, एक रबर आणि प्लास्टिकची एक पट्टी. आंबूस वास सुटला होता.

दोष कोणाचा? गवत बाबांनी आणलं, न चिरता टाकलं. पाव वहिनींचा. रबर आणि प्लास्टिक माझ्या हातातनं पडलं. खडे मिळाले नाहीत कारण कोबा आम्हीच केला होता. प्रत्येकानं चांगल्या मनानं काहीतरी दिलं होतं. तांबडीनं नको म्हटलं नाही, कारण कोंबडीला नको म्हणता येत नाही.

दुसऱ्या दिवशी वहिनींनी पिशवी पुढं केली. मी आईकडे बघत होते. आई म्हणाली, “बरं वहिनी,” आणि पिशवी घेतली. वाटेत कचराकुंडीत टाकली. मी चिडले. “खरं का नाही सांगितलंस?”

“बाय, नको म्हटलं की देणाऱ्याला लागतं. आज पाव नको म्हटला, उद्या तुझ्या वह्या बंद झाल्या तर?”

मग वर्षभर आई रोज ती पिशवी घ्यायची आणि कुंडीत टाकायची. कोंबड्यांचं खाणं मात्र तिनं पार बदललं. कणी, बाजरी किंवा भरडलेली ज्वारी, तीही बेताची. पाणी दिवसभर स्वच्छ. पालेभाजी बोटाच्या पेरापेक्षा लहान चिरून. बुरशीचा वास आला तर दाणा कितीही महाग असो, बाहेर. पाव बंद. एका फुटक्या कुंडीत बारीक खडे आणि दुसरीत कुटलेल्या शिंपल्या, त्या अंड्याच्या कवचासाठी. आणि सकाळची ती दोन बोटं.

बरीच वर्षं मला वाटायचं, आई घाबरली. खरं सांगितलं असतं तर वहिनींना समजलं असतं, त्या काही दुष्ट नव्हत्या. गप्प राहून आईनं त्यांची सुधारायची संधीच काढून घेतली. आजही यातलं निम्मं मला पटतं. पण उरलेलं निम्मं वय वाढल्यावर कळलं. खरं बोलायचा धोका सगळा आईनंच का घ्यायचा? हे चालतं का, असं एकदा विचारायला वहिनींना काय लागणार होतं? विचारणं त्यांना फुकट होतं आणि सांगणं आईला महाग पडणार होतं.

आपल्याकडे देण्याला पुण्य म्हणतात. 2025 साली दादरचा कबुतरखाना ताडपत्रीनं झाकला, तेव्हा मुंबईभर वाद पेटला. एकीकडे लोकांच्या फुफ्फुसांचा प्रश्न, दुसरीकडे श्रद्धेचा. मी त्यात कुणाची बाजू घेत नाही. मला एवढंच दिसतं की दाणा टाकताना आपलं लक्ष बरेचदा आपल्याच हाताकडे असतं. उरलेलं टाकवत नाही, ही आपली अडचण. ती कोंबडीच्या गळ्यात उतरवून आपण मोकळे होतो आणि त्याला दान म्हणतो.

आता मी बोरिवलीला इमारतीत राहते. घरकामाला येणाऱ्या मावशी नॅशनल पार्काच्या कडेला राहतात. त्यांच्याकडे कोंबड्या आहेत हे कळल्यावर मी एकदा शिळ्या पोळ्या बांधून पुढं केल्या. “द्या ताई,” त्या म्हणाल्या. तो सूर मी ओळखला.

मी पिशवी मागं घेतली. “मावशी, कोंबड्यांना हे चालतं का? खरं सांगा, मला राग नाही येणार.”

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “बाजरी असली तर द्या.”

आता दर महिन्याला मी त्यांना दोन किलो बाजरी देते. पोळ्या मोजून करते. ती बाजरी सगळी कोंबड्यांना जाते की तिची भाकरी होते, मला माहीत नाही. ते मात्र मी विचारलेलं नाही.