कायद्याची पानं सावकाश वाच

न्हावा शेवा

प्रिय बाळ,

उत्पत्तीचं पुस्तक तू आठवड्यात संपवलंस, निर्गमात समुद्र दुभंगेपर्यंत पुस्तक खाली ठेववेना, आणि सीनाय पर्वतापुढे बैल, खड्डे, गहाणवट यांचे नियम लागले तशी वाचनावर पेंग यायला लागली, असं तू लिहिलंस. साहजिक आहे गं. तू हाती घेतलेलं अर्धवट टाकणार नाहीस, ते मला ठाऊक आहे. काळजी वाटते ती तुझ्या घाईची.

आधी क्रम बघ. लोक मिसरच्या गुलामीतून सुटले, मग पर्वताशी देवाने त्यांच्याशी करार केला, आणि त्यानंतर कायदा आला. सुटका आधीच पदरात पडली होती. म्हणूनच हे नियम सांगताना तोरा पुन्हा पुन्हा आठवण देते की तुम्हीही एकदा परक्या देशात राबत होतात. हे ध्यानात ठेवून अनुवाद या पुस्तकाचा चोविसावा अध्याय उघड. कोणाचं जातं गहाण घेऊ नये, कारण त्यावर त्या घराची भाकरी चालते. धनकोने गहाण आणायला ऋणकोच्या घरात शिरायचं नाही, बाहेर उभं राहायचं, वस्तू तो स्वतः आणून देईल. गरिबाचं पांघरूण असेल तर सूर्य मावळताना परत करायचं. मजुराची मजुरी त्याच दिवशी द्यायची. शेतात विसरलेली पेंढी आणायला मागे फिरायचं नाही, ती परक्याची, अनाथाची, विधवेची. बाळ, मी या दाराबाहेर थांबलेल्या सावकाराशी कितीतरी सकाळी अडलो आहे. कर्ज घेतलेल्या माणसाचा उंबरठा त्याचाच राहतो, एवढं सांगायला अख्खा नियम खर्ची घातलाय!

हा अध्याय ज्या भागात येतो त्याचं नाव ‘की तेत्से’, आणि परंपरेने मोजलेल्या ६१३ आज्ञांपैकी ७४ एकट्या त्यात आहेत. भाद्रपदाच्या सुमारास तो सिनेगॉगमध्ये वाचला जातो. तोराच्या पाच पुस्तकांचे ५४ भाग पाडले आहेत, ते वर्षभरात पुरे करायचे आणि संपल्या दिवशीच पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे, अशी रीत. तूही आठवड्याला एकच भाग घे. पहाटे ऊठ, डोकं ताजं असतं तेव्हा पानभर वाच, आणि कॉलेजच्या जुन्या वह्यांची कोरी पानं टिपणाला वापर, नवी वही कशाला? (चहा मात्र घेऊन बस, उपाशी पोटी लेवीय वाचवत नाही.)

आपल्या यहुदी पूर्वजांच्या हाती तर पुस्तकही नव्हतं. त्यांचं गलबत नवगावच्या किनाऱ्याशी फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, ग्रंथ समुद्रात गेले, असं आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. राहिली ती शेमाची प्रार्थना, आठव्या दिवसाची सुंता, आणि शनिवारचा शाब्बाथ. पोट तेलाच्या घाण्यावर, तरी शनिवारी घाणा बंद. कुलाबा जिल्ह्यात म्हणूनच आपल्याला शनवार तेली म्हणत. एका दिवसाची मिळकत दर आठवड्याला सोडायची, तीही हातावर पोट असताना, याचा हिशेब तू एकदा मनाशी मांडून बघ. इथे १९८९ पासून बंदर चालू आहे, रात्रभर ट्रेलर धावतात, वार कोणताही असो. त्या आवाजात शाब्बाथची मेणबत्ती लावताना मला त्या घाणेवाल्यांचा फार अभिमान वाटतो.

पुस्तकं नंतर आली. जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्याने मराठीतून हिब्रूचं व्याकरण काढलं १८३२ मध्ये, आणि १८७४ मध्ये पुण्यात हिब्रू आणि मराठीत वल्हांडणाच्या रात्री वाचायची सचित्र हग्गादा छापली गेली. विल्सनचा हेतू धर्मांतराचा होता, पण आपल्या लोकांनी अक्षरं शिकून घेतली आणि शाब्बाथ आपलाच ठेवला, याचं मला मोठं कौतुक आहे.

सुट्टीत आलीस की पनवेलच्या बेथ एल सिनेगॉगमध्ये जाऊ. १८४९ ची वास्तू आहे, तिथे तोराची गुंडाळी उघडून वाचताना ऐकलंस की बैलांचे नियमही वेगळे वाटतील. तोवर सावकार बाहेर का थांबतो, यावर तुला काय सुचतं ते लिहून पाठव. पत्रानेच हं, फोनवर तू फार भरभर बोलतेस.

तुझे,
आजोबा