दशक एक की दहा?

52 मधून 27 वजा करताना एककाच्या घरात 2 मधून 7 जात नाहीत. म्हणून दशकाच्या घरातला एक दशक सुटा करायचा, 12 मधून 7 काढायचे आणि उरलेल्या 4 दशकांतून 2 काढायचे. उत्तर 25. ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या शाळांत दुसरी-तिसरीच्या वयात ही हातच्याची वजाबाकी येते. मोठ्यांना ती इतकी अंगवळणी पडलेली असते, की तिच्यात दडलेला प्रश्न त्यांच्या लक्षातही येत नाही. सुटा करण्यापूर्वी तो दशक एक होता की दहा? मूल अडते ते बहुधा इथेच, आणि त्याचे अडणे रास्त आहे.

चित्र काढून शिकवताना दशकासाठी उभी रेघ आणि एककासाठी ठिपका घेतात. 52 म्हणजे पाच रेघा आणि दोन ठिपके. सात ठिपके खोडायचे तर एका रेघेवर काट मारून तिच्या बदल्यात दहा ठिपके काढावे लागतात. मग सात ठिपके आणि दोन रेघा खोडल्या की दोन रेघा व पाच ठिपके उरतात. या चित्रात 27 कुठेच काढलेले नसते. ते म्हणजे फक्त काढून घेण्याची आज्ञा. उभ्या मांडणीत मात्र 52 आणि 27 एकाखाली एक, सारख्याच मानाने बसतात. त्यामुळे मूल दोहोंतला लहान अंक मोठ्यातून वजा करते आणि 35 लिहून मोकळे होते. चित्रात ही चूक करायला जागाच नाही, कारण दोनच ठिपके समोर असताना सात खोडता येत नाहीत.

एकाच चिन्हाची किंमत जागेनुसार बदलते, ही गोष्ट भारतीय तत्त्वचिंतकांनी दृष्टान्तासाठी वापरली आहे. योगसूत्रांवरील व्यासभाष्यात (3.13) एकच रेघ शताच्या जागी शंभर, दशाच्या जागी दहा आणि एकाच्या जागी एक ठरते, जशी एकच स्त्री माता, कन्या आणि बहीण असते. तिथला विषय परिणामाचा, म्हणजे बदलाचा आहे: अवस्था बदलली तरी धर्मी, म्हणजे ती धारण करणारी वस्तू, तीच राहते. पाच दशक दोन एकक आणि चार दशक बारा एकक यांचे नाते नेमके असेच आहे. शंकराचार्यांनीही ब्रह्मसूत्रभाष्यात (2.2.17) वैशेषिकांचे खंडन करताना हाच रेघेचा दृष्टान्त घेतला. स्थानमूल्याची पद्धत त्यांच्या वाचकांच्या किती परिचयाची असावी, हे यावरून कळते.

न्याय-वैशेषिकांचे म्हणणे अधिक अडचणीचे आणि म्हणून अधिक उपयोगाचे. त्यांच्या मते घडा हा त्याच्या अवयवांहून वेगळा, नवा अवयवी असतो. सैन्य किंवा वन तसे नाही. तो नुसता समूह. दशक दाखवायला दहा काड्यांचा जुडगा बांधतात, तो साहजिकच सैन्याच्या बाजूला जाईल. मग त्याचे एकपण येते कुठून? प्रशस्तपादाच्या मांडणीत दोन आणि त्यापुढच्या संख्या अपेक्षाबुद्धीतून, म्हणजे अनेक वस्तूंना एकत्र धरणाऱ्या जाणिवेतून उत्पन्न होतात आणि ती जाणीव गेली की नाहीशा होतात. तत्त्वज्ञ गॉटलोब फ्रेगेने 1884 च्या ग्रंथात वेगळ्या वाटेने याच्या जवळपासचा मुद्दा मांडला: समोरचा ढीग किती, हे तो कोणत्या संकल्पनेखाली मोजायचा यावर ठरते. दशकाचे एकपण काड्यांत नाही, मोजणाऱ्याच्या धरण्यात आहे. मुलाला ते एकदा धरायला आणि लगेच सोडायला सांगितले जाते.

चित्रातली एक ठरावीक चूक या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. मूल दहा ठिपके काढते, पण रेघेवर काट मारायला विसरते. 52 चे 62 होतात. शिक्षक याला निष्काळजीपणा म्हणतात. मुलाच्या लेखी मात्र ते दहा ठिपके नवे असतात, रेघेत आधीपासून असलेले नव्हेत. कार्य कारणात आधीच असते असे म्हणणारा सांख्य आणि ते नव्याने उत्पन्न होते असे म्हणणारा नैयायिक यांच्या वादात मूल नकळत नैयायिकाच्या बाजूला उभे राहते. दोष काही अंशी चित्राचाही आहे, कारण नुसत्या रेघेत दहा ठिपके दिसत नाहीत. म्हणून आधी रबरबँड लावलेला दहा काड्यांचा जुडगा, मग दहा मण्यांच्या माळेचे चित्र आणि त्यानंतरच कोरी रेघ, हा क्रम बरा. जुडगा सोडला की त्याच काड्या हाती येतात. डोंबिवलीच्या फडके रोडवर दहाची नोट सुट्टी केली तर नोट दुकानदाराच्या गल्ल्यात जाते आणि वेगळीच नाणी मिळतात. पैशाचा दाखला सोयीचा खरा, पण तो अदलाबदल शिकवतो, तेच टिकून राहणे नव्हे.

वस्तू हाताळून शिकण्याची परंपरा ठाण्याच्या या भागात जुनी आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडला बालशिक्षणाचे काम उभारले. तेव्हा ती गावे ठाणे जिल्ह्यात होती. 2014 पासून ती पालघरमध्ये आहेत. माँटेसरी पद्धतीतले महागडे साहित्य आदिवासी पाड्यांवर परवडणारे नव्हते, म्हणून आसपास मिळणाऱ्या साध्या वस्तूंवर त्यांनी भर दिला. माँटेसरीच्या सोनेरी मण्यांत दहाची कांडी आणि शंभराचा चौरस असतो; तिथे दशकातले दहा लपत नाहीत.

घरातल्या वडीलधाऱ्यांची रीत कधीकधी वेगळी निघते: बारातून सात गेले पाच, हातचा एक, दोन आणि एक तीन, पाचातून तीन गेले दोन. इथे काहीच सुटे होत नाही. दोन्ही संख्यांत दहा-दहा मिळवले जातात आणि फरक तेवढाच राहतो. ही रीत रेघा-ठिपक्यांत नीट उतरत नाही; तिला संख्यारेषा हवी, जिच्यावर 27 आणि 52 हे दोन बिंदू दहा घरे पुढे सरकवता येतात. शाळेची आणि घरची रीत मुलापुढे एकदम आली की गोंधळ होतो, तो दोन तर्कांची सरमिसळ झाल्याने.

खरी परीक्षा 302 मधून 147 वजा करताना होते. दशकाच्या घरात शून्य आहे, सुटे करायला काही नाही. आधी शतकाचा चौरस खोडून दहा रेघा, मग त्यांतली एक खोडून दहा ठिपके. कागदावर दोन चौरस, नऊ रेघा आणि बारा ठिपके उभे राहतात, आणि हेही 302 च आहेत हे मुलाने मोजून सांगितले, की पुढची वजाबाकी चित्राशिवाय करायला हरकत नाही.